शेवटची गाडी

शिंप्याकडे माझ्या पुढच्या माणसाने जाकीट ठेवलं.

"मास्तर, पाठीवरचा मोटरसायकल क्लबचा बिल्ला उसवायचाय."

"क्लब सोडलात?"

"जाकीट मित्राचं आहे. त्याला काढलं. शेवटच्या गाडीने कुणाला मागे टाकून जायचं नाही, असा आमचा नियम. परवा आमच्यातली एक बाई वळणावर गाडीवरून पडली. तासभर तशीच. मागे कुणी नव्हतं."

"शेवटी तो होता?"

"मी होतो. कंटाळून पुढे गेलो. सभेत त्याने अंगावर घेतलं. मी अध्यक्ष ना, माझी लाज राखली."

"आणि तुम्ही मिठाची गुळणी धरलीत?"

"काढायला सगळ्यांचे हात वर लागतात, मास्तर. एक जरी खाली राहिला, तरी माणूस क्लबात राहतो."

"मग?"

"माझा सगळ्यांत शेवटी वर गेला."

"ही घ्या कात्री. तुम्हीच उसवा."