दर्भाचा कावळा

(वाराणसी. दूधविनायकातलं घर. प्रचाराचा भोंगा गल्लीतून दूर जातो.)

नीलकंठ : वहिनी, खिडकीत भात कशाला? पितृपक्ष तर लांब आहे.

शरदिनी : कावळ्याला ठेवते रोज. आला तर विचारीन त्याला. बसा, भटजी. चेहरा असा का? पुतण्यानं बोलावलं होतं ना आमच्या?

नीलकंठ : हो. उद्या रत्नाकरची शेवटची सभा. मी स्टेजवर येऊन सांगायचं, अण्णांच्या दहाव्याला काय झालं ते.

शरदिनी : ते तर तोच भोंग्यावर ओरडत फिरतोय. कावळा पिंडाला शिवेना, मग हा पुढं झाला, म्हणाला, काका, तुमची सीट मी सांभाळीन, आणि कावळा लगेच शिवला. आमदार गेला, जागा रिकामी झाली, आणि उपचुनावाचा निकाल कावळ्यानंच लावून टाकला. बाया येऊन मला हात जोडतात.

नीलकंठ : लोकांना ते भटजीच्या तोंडून ऐकायचंय म्हणे.

शरदिनी : मग सांगा की. अडलंय कुठं?

नीलकंठ : तुम्हाला विचारल्याशिवाय कसं सांगू? त्यानं गीताच्या बाळंतपणाची आठवण दिली. गल्ली खणून ठेवलेली, गीता अडलेली, रिक्षा आत येईना. आमदार असून अण्णांनी खाटेला खांदा दिला, थेट दवाखान्यापर्यंत. माझी लेक वीणा त्या खांद्यामुळे आहे, वहिनी. रत्नाकर म्हणाला, एहसान चुकवायची वेळ आलीय.

शरदिनी : चुकवायचाय तर मला खरं सांगा. आम्हा बायकांना तुम्ही घाटावर येऊ देत नाही, म्हणून विचारावं लागतं. तो भोंगा सुरू झाल्यापासून मला घास जात नाही. या माणसाच्या सभा संपायची वाट बघत मी संसार काढला. मेल्यावरसुद्धा त्याचा जीव खुर्चीतच अडकला होता?

नीलकंठ : नाही.

शरदिनी : नाही म्हणजे?

नीलकंठ : कावळा शिवलाच नाही. रत्नाकर सीटचं बोलला, मग पुतळ्याचं बोलला, रस्त्याला नाव देण्याचं बोलला. कठड्यावर एकच कावळा होता, तो उठून शेजारच्या पिंडावर जाऊन बसला. कोणा हमालाचा पिंड होता. ऊन चढलं, माणसं कुरकुरायला लागली. शेवटी मी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. शास्त्राला तो चालतो. रत्नाकरला चालत नाही.

शरदिनी : म्हणजे काहीतरी राहिलंच त्यांचं.

नीलकंठ : वहिनी, कावळ्याची वाट बघायचा रिवाज आपल्या आजे-पणज्यांनी मराठी मुलखातून आणला. तिकडं ठीक आहे. काशीत गेलेला माणूस मागं उरतो कुठं? अण्णा तुमच्या मांडीवर गेले आणि तिथंच सुटले. कावळ्याकडून निरोप पाठवायला घाटावर कोणी नव्हतंच. हे पोथीत नाही. मला वाटतं.

शरदिनी : पोथीत नसू दे.

नीलकंठ : रडू नका.

शरदिनी : रडत नाही. मणिकर्णिकेला नेताना पुढं खांदा कोणाचा होता?

नीलकंठ : एका बाजूनं माझा.

शरदिनी : भटजी असून सोवळं बाजूला ठेवलंत. खांद्याला खांदा झाला. फिटलं. त्या रत्नाकरचं तुम्ही काही देणं लागत नाही.

नीलकंठ : तो म्हणाला, बोलला नाहीत तर मोहल्ल्यात एक यजमान राहणार नाही तुम्हाला.

शरदिनी : अण्णांचं वर्षश्राद्ध तुम्हीच करायचं, पुढं माझंही. आणि उद्या मी येते तुमच्याबरोबर. बायकांना घाटावर मनाई आहे, स्टेजवर नाही.

नीलकंठ : मग सांगू, दर्भाचा होता म्हणून?

शरदिनी : सगळं सांगा. हमालाच्या पिंडासकट. तो दर्भाचा कावळा कुठाय?

नीलकंठ : गंगेत सोडला.

शरदिनी : बरं केलंत. या पार्टीवाल्यांच्या हाती लागता तर त्यालाही तिकीट दिलं असतं.

नीलकंठ : येतो मी.

शरदिनी : थांबा. तेवढा खिडकीतला भात उचला. मी दोन पानं वाढते.