मार्चमधले चार दिवस

टेरिन : ...आणि भिंतींचं मूळ लाकूड आम्ही तसंच ठेवलंय, मॅडम. खाणीच्या काळातलं. बाहेर अंगणात गरम पाण्याचा हौद आहे, त्यात बसल्या बसल्या समोरचा बर्फाचा उतार दिसतो. दारातून स्की घेऊन निघालं की शंभर पावलांवर वर जायचा पाळणा. आपण दोघीही स्की करता का?

मिट्झी : मी चौऱ्याहत्तरची आहे. माझी बहीण आल्बिना एकोणऐंशीची. तिच्याच स्वयंपाकघरातून बोलतेय मी, खाली प्वेब्लो शहरातून. फोन स्पीकरवर आहे, तीही ऐकतेय.

टेरिन : अरे वा, नमस्कार आल्बिना मॅडम. मी टेरिन. बुकिंगचं सगळं मीच बघते. आमच्या या केबिनमध्ये आपल्याला...

आल्बिना : केबिन कसलं. घर होतं ते आमचं.

टेरिन : माफ करा?

मिट्झी : आमच्या वडिलांचं घर ते. कोळशाच्या खाणीत होते. आम्ही दोघी तिथेच जन्मलो.

आल्बिना : मी जन्मले. तुझ्या वेळेला कंपनीचा दवाखाना निघाला होता.

मिट्झी : बरं, तू जन्मलीस.

टेरिन : काय सांगता! आमच्या मालकांना हे ऐकून खूप आनंद होईल. दिवाणखान्यात खाण कामगारांचे जुने फोटो लावलेत. कदाचित आपल्या ओळखीचं कुणी निघेल.

आल्बिना : एक डोळा मिटलेला माणूस आहे का त्यात? भल्या मोठ्या मिशांचा?

टेरिन : आहे वाटतं. फोटो काढताना पापणी मिटली असावी त्यांची.

आल्बिना : पापणी नव्हे, तो डोळाच गेला होता. रूडीमामा आमचा. स्लोव्हेनियाहून दोन डोळे घेऊन आला होता. मागची खोली कशी आहे? स्वयंपाकघराच्या पलीकडची. डोंगराकडे खिडकी असलेली.

टेरिन : मागे... हां. तिथे आता वाफेची खोली केलीय. देवदाराच्या फळ्या, बसायला बाक. बर्फातून दमून आलेल्या पाहुण्यांना फार आवडते.

आल्बिना : आणि खिडकी?

टेरिन : खिडकी बुजवली, मॅडम. वाफ कोंडून राहायला हवी ना.

मिट्झी : तारखांचं बोलू या. मार्चचं विचारलं होतं मी.

टेरिन : हो. मार्चमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसते, पण तुमचं नशीब चांगलं. एक बुकिंग रद्द झालंय. नऊ ते बारा, चार दिवस. पण खरं सांगू? आपण स्की करणार नसाल तर जूनमध्ये या. रानभर फुलं असतात.

आल्बिना : जून माझ्या हातात नाही.

टेरिन : आपल्याला दुसरं काही काम आहे का जूनमध्ये?

मिट्झी : तिला उन्हाळा सोसत नाही. मार्चच लिहा.

टेरिन : लिहिते. एक विचारू? मागे सारखा घुर्र घुर्र आवाज येतोय. माझ्याकडची लाइन खराब आहे का?

मिट्झी : फ्रीज आहे.

आल्बिना : फ्रीज नाही. माझं ऑक्सिजनचं यंत्र आहे ते.

टेरिन : ओह.

मिट्झी : तिच्या फुप्फुसांना त्रास आहे थोडा.

टेरिन : मॅडम, मला सांगायला बरं वाटत नाही. पण आमच्याकडे प्रत्येक खोलीत लाकडाची शेगडी आहे. ऑक्सिजन असलेल्या पाहुण्यांना आम्ही... नियम आहे तसा. शिवाय गाव नऊ हजार फुटांवर. डॉक्टरांना विचारलंय ना आपण?

आल्बिना : विचारलंय.

टेरिन : मी मालकांशी बोलते. ते आत्ता इथेच आहेत. दहा मिनिटांत फोन करते मी.

मिट्झी : करा.

आल्बिना : फ्रीज म्हणे.

मिट्झी : मग काय सांगायला हवं होतं? चार दिवसांच्या बोलीवर शेवटची घटका मोजायला येतोय म्हणून?

आल्बिना : हळू बोल. फोन बंद झालाय ना?

मिट्झी : झालाय. आल्बी, मी काल डॉक्टरीणबाईंकडे गेले होते.

आल्बिना : माझ्या डॉक्टरकडे? मला न सांगता?

मिट्झी : हो. म्हटलं, तू सांगतेस ते खरं का ते तरी कळावं. तू म्हणालीस, 'जपून जा' म्हणाल्या. त्या म्हणाल्या, मी साफ नाही म्हटलंय. इथे प्वेब्लोत तुझा श्वास पुरत नाही. वाटेतला मोनार्कचा घाट तर अकरा हजार फुटांवर. म्हणाल्या, घाट उतरून गावात पोचलात तर नशीब समजा, आणि पोचलात तर परत येणं नाही.

आल्बिना : परत यायचं कुणाला आहे?

मिट्झी : हे तू तीन आठवडे मला बोलली नाहीस. आजही फोन लावला तो तू आता तरी सांगशील म्हणून. तीन आठवडे मी नकाशे बघतेय. कुठे थांबायचं, कुठे खायचं. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे आणले.

आल्बिना : चांगले आहेत मोजे.

मिट्झी : आल्बी!

आल्बिना : तेव्हाच सांगितलं असतं तर तू त्या पोरीला कधी विचारलंच नसतंस. इथे काय आहे माझं? ही खुर्ची. हे यंत्र. समोर बंद पडलेल्या कारखान्याची धुराडी. चाळीस वर्षं त्यांच्याच ऑफिसात बसून हजेऱ्या लिहिल्या. मरतानाही तीच बघू?

मिट्झी : मग तो हौद बघ, शेगडी बघ. मागच्या खोलीचाच ध्यास कशाला?

आल्बिना : आई तिथे गेली म्हणून.

मिट्झी : ते मला नको सांगूस. मी होते तिथे.

आल्बिना : माहीत आहे.

मिट्झी : काय माहीत आहे तुला? मी एकोणीस वर्षांची होते. अकरा दिवस. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. शेजारच्या म्हाताऱ्या येऊन सूप ठेवून जायच्या, पण रात्रंदिवस मीच. तिचा श्वास अडकला की माझाही अडकायचा. आणि आता तू म्हणतेस, गाडी काढ, मला तिथे ने, आणि पुन्हा बस. त्याच घरात. तोच आवाज ऐकत. मी एकदा बसलेय आल्बी. पुन्हा माझ्याने व्हायचं नाही.

आल्बिना : पाणी दे जरा.

मिट्झी : घे. सावकाश. नळी नीट कर.

आल्बिना : आई शेवटची असताना तू गावातल्या दुकानातून फोन केला होतास मला, इथे प्वेब्लोला. आठवतं?

मिट्झी : न आठवायला काय झालं.

आल्बिना : मी म्हटलं, घाट बंद आहे. बर्फ पडलंय, गाड्या सोडत नाहीत.

मिट्झी : हो.

आल्बिना : घाट उघडा होता, मिट्झे.

मिट्झी : माहीत आहे मला.

आल्बिना : काय?

मिट्झी : मी फोन ठेवून दुकानातून बाहेर आले आणि समोर टपालाची गाडी उभी होती. घाटातूनच आली होती. ड्रायव्हर चाकांना बर्फासाठी बांधलेल्या साखळ्या काढत होता. मी त्याला विचारलं, रस्ता कसा आहे. म्हणाला, झकास आहे.

आल्बिना : त्याच दिवशी?

मिट्झी : त्याच दिवशी.

आल्बिना : पंचावन्न वर्षं तू बोलली नाहीस.

मिट्झी : काय बोलायचं? तू अंत्यविधीला आलीस. काळा कोट घालून. रडून रडून आजारी पडलीस. मी म्हटलं, आता हिला आणखी कशाला.

आल्बिना : कुणा माणसाबरोबर नव्हते मी. तुला तसं वाटलं असेल तर.

मिट्झी : बरीच वर्षं वाटलं.

आल्बिना : बॅग भरून पलंगावर बसले होते. दोन दिवस. बस निघायची वेळ झाली की पाय उचलायचे नाहीत. मला तिला तसं बघायचं नव्हतं. एवढंच. दुसरं काही कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

मिट्झी : हं.

आल्बिना : तिने मला विचारलं होतं का?

मिट्झी : नको गं.

आल्बिना : सांग.

मिट्झी : दार वाजलं की विचारायची. वारा आला तरी. म्हणायची, आल्बी आली का बघ.

आल्बिना : मला वाटलं, तू नाही म्हणशील.

मिट्झी : मलाही तसंच वाटलं होतं. म्हणता आलं नाही.

आल्बिना : म्हणून जायचंय मला. उशिरा का होईना. निदान त्या भिंतींशी तरी...

मिट्झी : त्या भिंती राहिल्या नाहीत, आल्बी. तिथे लोक टॉवेल गुंडाळून घाम काढत बसतात. तिथे जाऊन तू कुणाला भेटणार?

आल्बिना : तेव्हा मला जमलं नाही. आता तुला जमत नाही. मग आपण सारख्याच.

मिट्झी : नाही. सारख्या नाही. मी बसले होते.

(फोन वाजतो. तीनदा वाजू देऊन मिट्झी तो उचलते.)

टेरिन : मिट्झी मॅडम? टेरिन बोलतेय. चांगली बातमी आहे. मी मालकांना सगळं सांगितलं, तुमच्या वडिलांचं, फोटोंचं. ते म्हणाले, नियम बाजूला ठेवा. विजेवरचं यंत्र चालेल, शेगड्या आम्ही पेटवणार नाही, खोल्या हीटरने गरम ठेवू. डॉक्टरांचं पत्रही नको, जबाबदारी घेतल्याची तुमची सही पुरे. आणि सामान आत न्यायला माणूस देऊ. मग नऊ तारीख पक्की करू?

आल्बिना : मिट्झे.

टेरिन : हॅलो? ऐकू येतंय का?

मिट्झी : येतंय. टेरिन, तुम्ही खूप केलंत आमच्यासाठी. पण नको. आमचं जमायचं नाही.

टेरिन : ओह. काही अडचण असेल तर तारखा बदलून...

मिट्झी : तारखांचा प्रश्न नाही. दुसऱ्या कुणाला द्या ते चार दिवस.

टेरिन : ठीक आहे, मॅडम. आपल्या दोघींची भेट झाली असती तर आवडलं असतं मला. काळजी घ्या.

मिट्झी : ठेवते.

आल्बिना : ती हो म्हणाली होती.

मिट्झी : ऐकलं मी.

आल्बिना : सगळं मान्य केलं होतं तिने. तुझी एक सही.

मिट्झी : तीच एक नाही करता येत.

आल्बिना : शिक्षा करतेयस मला.

मिट्झी : शिक्षा करायची असती तर नेलं असतं. त्या खिडकी बुजवलेल्या खोलीत तुला बसवलं असतं आणि म्हटलं असतं, आता बघ. मला तसं नाही करायचं. मला काहीच नाही करायचं, आल्बी. थकले मी.

आल्बिना : मी दुसऱ्या कुणाला सांगते. शेजारच्या फ्रॅन्सीचा मुलगा गाडी चालवतो.

मिट्झी : सांग. पण मला दिवस कळवू नकोस.

आल्बिना : ...नाही सांगणार. एवढ्या पायऱ्यासुद्धा उतरवत नाहीत मला. तुझ्याशिवाय कुठे जाणार मी.

मिट्झी : यंत्र वाढवू का? ओठ निळे दिसतायत.

आल्बिना : राहू दे. हे तीन आठवडे बरे गेले गं. सकाळी तुझा फोन यायचा. आज अमुक ठरवलं, उद्या तमुक विचारू. मी अंथरुणातूनच तयारी करायची, तुला काय काय सांगायचं त्याची.

मिट्झी : मीसुद्धा.

आल्बिना : उद्या करशील फोन?

मिट्झी : करेन.

आल्बिना : काय बोलशील?

मिट्झी : माहीत नाही, आल्बी.