एका खिडकीचा एक गुण

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या वास्तुकला महाविद्यालयाचे प्राचार्य आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रतिलाल महाजन सर, धुळ्याहून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या वास्तुविशारद सुलक्षणाताई पाटील, सत्कारमूर्ती प्राध्यापिका चारुलता भंगाळे मॅडम, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मॅडमनी आपल्याला सव्वीस वर्षं वास्तुकलेचा इतिहास आणि शाश्वत रचना हे विषय शिकवले. त्यांच्या गौरवाचं बरंच बोलून झालं आहे. मी, त्यांचा विद्यार्थी आणि आता इथलाच शिक्षक कुंदन चौधरी, आज त्यांच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, काळजी नसावी.

मी याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. इतिहासाच्या पेपरात दोन गुणांचा प्रश्न होता: खान्देशातल्या जुन्या घरांच्या खिडक्या लहान का? मॅडमच्या टिपणांत उत्तर होतं, चोरांच्या भीतीने. मी लिहिलं, उन्हामुळे. मला शून्य मिळालं आणि मी एका गुणाने नापास झालो. नापास झालो तर शिक्षण सोडून शेती पाहायची, असं घरी आधीच ठरलेलं होतं.

मी मॅडमच्या खोलीत गेलो. गुण मागायचं धाडस नव्हतं. एवढंच म्हणालो, की मी तसल्याच घरात वाढलो आहे. दुसरं कोणी असतं तर चिडलं असतं, नाही का? मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "घर कुठे आहे तुझं?"

तिसऱ्या दिवशी, भर मे महिन्यात, त्या बोदवड स्टेशनवर उतरल्या. सोबत तीन तापमापक. आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. शेजारच्या सुकदेव आबांचंही तसंच, पण त्यांनी पश्चिमेची खिडकी मोठी करून घेतली होती. एक तापमापक आमच्या घरात, एक आबांच्या आणि एक बाहेर निंबाखाली. मॅडम दोन दिवस तासातासाला आकडे लिहीत होत्या. आबांना वाटलं, सरकारी मोजणी आली. ते सातबारा घेऊनच बसले.

दुपारी तीन वाजता बाहेर चव्वेचाळीस, आबांकडे साडेसदतीस, आमच्याकडे चौतीस. मी मनातल्या मनात पास झालो होतो. पण मॅडमचं समाधान होईना. त्यांनी माझ्या आईला, शेवंताबाईंना विचारलं, की खिडकी एवढीशी कोणी ठेवली आणि का?

आई भाकरी थापताना म्हणाली, "सासऱ्यांनी ठिवली. या घरात कापूस भरे, बाई. गल्लीतली ठिनगी आत आली म्हंजे? चोर काय, दारातूनबी येते."

मॅडम चुलीजवळ बसल्या आणि त्यांनी आईचं बोलणं शब्दन् शब्द वहीत उतरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं उत्तर इथे चुकलं. तुझं अर्धंच बरोबर आहे. एक गुण देते."

मित्रहो, तो एक गुण मला पुरला. पण त्याहून अवघड गोष्ट पुढे झाली. मॅडमनी परीक्षा विभागाला लेखी कळवलं, की आपल्याच टिपणांत चूक आहे, सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात. वर्गात फळ्यावर स्वतःचं वाक्य लिहून खोडलं. त्याआधीच्या अकरा वर्षांतल्या माजी विद्यार्थ्यांना पत्रं धाडली. काही सहकारी म्हणाले, की एवढ्याशा खिडकीसाठी स्वतःचं हसू का करून घेता? मॅडम पाकिटांवर पत्ते लिहीत राहिल्या.

तेव्हापासून आपले विद्यार्थी घर मोजण्याआधी घरातल्या माणसाला विचारतात. आपल्या वाचनकक्षाची पश्चिमेची खिडकी निम्मी झाली, तीही वर्षभर आकडे घेतल्यावर.

निवृत्तीनंतर मॅडम काय करणार, असं आज मला अनेकांनी विचारलं. परवा त्यांचा फोन आला होता. साक्री तालुक्यात कुडाच्या भिंती एकाच बाजूने लिंपलेली घरं आहेत म्हणे. दुसरी बाजू मोकळी का, ते त्यांना कळत नाही. त्या सोमवारी निघताहेत. मला म्हणाल्या, "येतोस का?"

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, एवढ्या लोकांसमोर आपण नाही म्हणणार नाही, या भरवशावर सांगतो: सोमवारपासून मला चार दिवसांची रजा हवी आहे.