पत्र्याचे विमान, मिनिटे बेचाळीस

मला सगळे मिस्त्रीच म्हणतात, सहीही मी तशीच करतो. वय ५४. राहणार विमानतळाच्या कुंपणालगत, पिवळ्या फाटकाचे घर. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू : ते घर, ते फाटक, बायकोचे शिवणयंत्र, दोन होड्या (पैकी एक तरंगते) आणि विमानतळाच्या प्रतीक्षागृहातला लाकडी नकाशा. शिक्षण : स्वतःकडेच. याला 'अशिक्षित' असे लिहू नये.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, सदर नकाशावर आमचा विमानतळ आणि माझी लेक नोकरी करते तिथला विमानतळ यांच्यामध्ये एक तार आहे. खरे विमान उडाले की तिकीटखिडकीवरची बाई बटण दाबते आणि तारेवरचे पत्र्याचे विमान चालू लागते. नाकासमोर अंतर २१२ किलोमीटर. पण मध्ये डोंगर असल्याने विमान वळसा घालून २३६ जाते. वेळ ४२ मिनिटे. तारेलाही मी तसाच वळसा दिला आहे. लेक सुट्टी संपवून निघाली की माझी बायको नकाशासमोर बसते आणि पत्र्याचे विमान पलीकडे टेकल्यावरच उठते. ती स्वतः कधी विमानात बसलेली नाही.

कंपनीच्या तिकिटावर मात्र एक तास पाच मिनिटे छापतात. उशीर झाला तरी वेळेवर पोहोचलो म्हणता यावे, हे त्यामागचे गणित. गेल्या सोमवारी मॅनेजरसाहेबांनी मला न विचारता यंत्राचे चाक बदलून पत्र्याच्या विमानालाही तेवढाच वेळ लावला.

त्याच दुपारी लेक गेली. आम्ही दोघे नकाशासमोर असतानाच तिचा पोहोचल्याचा फोन आला. बायको नकाशाकडे पाहत तिला म्हणाली, "खोटं बोलू नकोस गं, तू अजून डोंगरावर आहेस." लेक हसत होती. बायको हसली नाही. फोन ठेवून तिने मला विचारले, "अहो, दोघांतलं खोटं कोण?"

लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. माझ्या कामाबद्दल असे तिने कधी विचारले नव्हते, न तरंगणाऱ्या होडीच्या वेळीसुद्धा नाही.

मी साहेबांच्या खोलीत गेलो. माझे मूळ चाक त्यांनी कागदांवर वजन म्हणून ठेवले होते. ते उचलले, नकाशापाशी परत आलो व स्टुलावर चढून जागेवर बसवू लागलो. साहेब मागोमाग आले आणि तारेजवळ तोंड आणून म्हणाले, "मिस्त्री, खेळणं आहे ते. तेवीस मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय?" तेवढ्यात स्प्रिंग सुटली. विमानाने बेचाळीस मिनिटांचा प्रवास एका झटक्यात केला, डोंगराचा वळसा व्यवस्थित घेतला आणि ते साहेबांच्या नाकावर उतरले. नाकासमोरचे अंतर काढताना साहेबांचे नाक मी हिशेबात धरले नव्हते. मी त्यांच्या अंगाला हात लावलेला नाही. त्यांनी लावलेली पट्टी खरचटण्याच्या मानाने मोठी आहे.

यंत्र आता पुन्हा ४२ वर चालू आहे.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या तोंडी दोन ठिकाणी 'खेळणे' घातले होते, तिथे 'यंत्र' करून घेतले. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे. एक राहिले. मघाशी चौकीबाहेरच्या बाकावर साहेब म्हणाले की तक्रार मागे घेतो, वर नकाशाचे पैसेही देतो, विमान तेवढे सावकाश चालू द्या. मी त्यांना विचारले, "आणि ती तेवीस मिनिटं माझ्या लेकीला हवेत कोण धरून ठेवणार?" त्यावर त्यांनी रक्कम वाढवली. मी नाही म्हणालो. नाकारलेली रक्कम नुसत्या आकड्यांत लिहू नये, अक्षरीही लिहावी : रुपये ४०,०००, अक्षरी चाळीस हजार फक्त.