रूपराव टेलरची राजदूत

— नाई भाऊ, तो आवाज चेनचा नाई, चेन तानलेली हाये, बोट लावून पाहा — तो मागच्या थैलीच्या बकलाचा हाये, गाडी हलली का वाजते. गाडी घ्याले आले त बसा ना, उभे काऊन? खाट झाडलेली हाये. फक्त हळू बोला, बाबा आतमंदी झोपले हायेत. मघाशी तुमी गाडीले पाहून हासले — नाई, मले राग नाई आला, या कारंज्यातले सगळेच हासतात. राजदूत त एवढीशी, अन् तिच्या अंगावर पाहा किती — दोन्ही बाजूले रेक्झिनच्या थैल्या, मागं लोखंडी कॅरिअर, पेट्रोलचा जास्तीचा डबा ठेवाले चौकट, अन् हे सीट, हातभर वाढवलेलं. आंदी कोंढाळीच्या दूधवाल्याची होती. दुधाच्या कॅनीनं मागून पार बसली होती. तिले सरळ केली ते बाबाईनं. मेकॅनिक? छे, मेकॅनिक कुठले जी. टेलर हायेत. रूपराव टेलर म्हना हायवेवर, कोनी बी दुकान दाखवते. शर्ट-पायजमे त शिवेच, पन खरं काम ट्रकवाल्यांचं — सीटचे कवर, केबिनचे पडदे, झालरी. त्या थैल्या पाहा, डबल टाका हाये, पान्याचा थेंब आत जात नाई. शिलाई त्याईची. इंजिनाचं मात्र काई येत नव्हतं — किक कुठं असते ते बी दूधवाल्यानं दाखवलं. मंग काय केलं, इंजिन खोललं अन् या आंगनात पांढरी चादर आंथरली, जो भाग निघन तो चादरीवर ठेवा अन् त्याच्याभोवती टेलरच्या खडूनं रेघ मारा — कोट बेतावा तसं. कोंबडी चादरीवरून गेली त दिवसभर बोलले नाई माह्याशी.

कायले एवढं? पुसलं तुमी, अन् पुसनारच — एवढी सजवलेली गाडी चालली किती, हे गिऱ्हाईक पाह्यनारच. चालली जी, लांब चालली. आमच्या घरचे होते ना — म्हंजे माहे मालक — ट्रक चालवत. नाचणगावचे. बाबाच्या दुकानात सीटचं कवर शिवाले आले, चहा झाला, बोलनं झालं, अन् बाबाईनंच पसंत केलं. मानूस हासरा होता, खोटं कायले बोलू. लग्नाले दोन साल झाले नाई त संत्र्याचा ट्रक घेऊन कलकत्त्याकडं गेले — एकोनऐंशीची गोष्ट — अन् वापस ट्रक आला तो दुसऱ्याच डायवरच्या हाती. तो म्हने, मानूस रायपूरले उतरला, म्हने मी दुसरीकडं काम धरतो. बस, एवढंच. पोलिसात गेलो त ते म्हनले, लेकरू हाये का हरवाले? मोठा मानूस हाये, येईन. दोन साल वाट पाह्यली. आई त आंदीच गेलती, घरात बाबा अन् मी. बाबा जेवाले बसत अन् रोडवर हॉर्न वाजला का घास तसाच हातात.

मंग एक दिवस ही गाडी आनली. मी म्हनलं, बाबा, रेल्वेनं जा ना. त म्हने, नलू, डायवर रेल्वेत भेटत नाई, तो रोडवर भेटते. ढाब्याढाब्याले थांबा लागन, पंक्चरवाल्याले पुसा लागन, यष्टीवाला कुठं थांबते आपल्यासाठी? खरंच होतं ते. अन् सीट लांब काऊन केलं, त म्हने, येतांनी दोघं असू.

पह्यल्या खेपेले देवरीच्या घाटातच पिस्टन जाम झाला. ट्रकमंदी गाडी टाकून आले, तोंड काळं, हात पोळलेले. मले वाटलं आता सोडून देतीन. नाई सोडलं. नागपूरले जाऊन सिलिंडर बोअर करून आनलं, पुन्हा चादर, पुन्हा खडू. पेट्रोलमंदी ऑइल किती टाकाचं याच्यासाठी येनाऱ्या-जानाऱ्या हरेकाले पुसत. पावसाळा सरला अन् दुसऱ्या खेपेले गेले. मी त्या थैलीत तिळाची चटणी टाकली, चादर टाकली, अन् त्या मानसाचे धोतलेले कपडे टाकले. बाबाईनं टोपी घातली अन् गेले. लय दिवस लागले. आले त गाडी चांगली होती, काईच बिघडलं नव्हतं. हातपाय धुतले, पाटावर बसले, म्हने, पार संबलपूरपर्यंत गेलो नलू, कोनी पाह्यलं नाई म्हनते. ताटाकडं पाहून म्हनले. मी भाकर वाढली. थैलीत कपडे होते तसेच होते, घडी बी मोडली नव्हती. झालं — त्या दिवसापासून गाडी इथं टिनाखाली. फडक्यानं पुसत राह्यले, तेल देत राह्यले, पन रोडवर काढली नाई. मी बी म्हनलं नाई का पुन्हा जा. सापडला नाई त नाई.

ब्रेक पाहून राह्यले का? पाहा पाहा, लायनर नवे हायेत.

— सापडला होता, भाऊ. आता तुमच्यापासून काय लपवाचं, तुमी समुद्रपूरचे, उद्या परवा तुमी कुठं अन् मी कुठं. बाबा वापस आले त्याच साली दिवाळीच्या आंदी दुकानात कपड्याचा ढीग पडलेला, मी काज-बटनाले बसलेली, अन् पाहते त बाबाच्या मशीनवर पिवळ्या छिटाचा झगा. एवढुसा, चालाले लागलेल्या लेकराचा. मी म्हनलं, कोनाचा वो? त म्हने, गिऱ्हाईकाचा. आता कारंज्यातलं कोनतं गिऱ्हाईक मले ठावं नाई? कापड पाह्यलं — बाबा मापाबिगर कात्री लावत नाई, माप तिथंच कापडाच्या कोपऱ्यावर खडूनं लिहते — या कापडावर काईच नव्हतं. नजरेनं घेतलेलं माप होतं ते. मनातच ठेवलेलं. संध्याकाळी कागदात बांधून एका सरदारजीच्या ट्रकवर दिला, अन् मले ऐकू येत नाई असं समजून म्हनले, सरायपालीले पंक्चरचं दुकान हाये, गुलाबचं, तिथं देजा. सरायपाली त त्याच रोडवर, रायपूरच्या पुढं.

गुलाब. नाव घेतलं पाहा मी. आंदी नवऱ्याचं नाव घ्याले जीभ उचलत नव्हती, आता काईच वाटत नाई.

मंग दर दिवाळीले एक झगा. मी कधी पुसलं नाई, त्याईनं कधी सांगतलं नाई. बाही बोटभर लांब झाली, मंग खिसा आला, मंग कंबरेले पट्टा — पोट्टी वाढून राह्यली ते मले झग्यावरून समजे. काजं मीच करो. हो, मीच. दुसऱ्याच्या हाती दिली असती त बाबाले समजलं असतं ना, का हिले ठावं हाये. अन् बाबाले ते समजलं असतं त मंग त्याईच्याजवळ राह्यलं काय असतं? माह्यासाठीच त खोटं बोलले. मंग शेजारच्या महादेवरावानं माह्यासाठी स्थळ आनलतं, हिंगनघाटचा मास्तर, बायको वारलेला, चांगला होता. बाबा या खाटेवर बसलेले, मी त्या दारात. मनात म्हनलं, आता बाबा एक शब्द बोलतीन का गुलाब येत नाई, अन् मी हो म्हनीन. बाबाईनं माह्याकडं पाह्यलं. त्याईले वाटलं असन, नलू म्हनन का आता वाट पाहत नाई. मी चहा आनाले आत गेली. मास्तर चहा पिऊन गेला.

गाडी काऊन विकता म्हनून राह्यले? तेच त सांगून राह्यली. यंदाच्या उन्हाळ्यात बाबाचं अर्धं अंग गेलं. हात गेला, कात्री गेली, बोलनं जड झालं — ते त होते, वय हाये. पन आठवन बी मागं गेली, भाऊ. पार मागं. त्याईले वाटते का जवाई आताच हरवला. रोज सकाळी म्हनतात, नलू, मले गाडीजवळ बसव. बसवते. डाव्या हातात खडू घेतात अन् टाकीवर, चाकावर रेघा मारतात — त्या पाहा, पुसल्या तरी डाग राह्यला. म्हनतात, पाऊस थांबला का निघतो, या वक्ताले भेटनच, तू थैली भरजो. अन् चेहरा असा खुलते का मधल्या इतक्या सालात मी तसा पाह्यला नाई. मले काय करा लागते, हो म्हना लागते. रोज. आंदी ते मले फसवत अन् मी फसल्यावानी करो, ते जमलतं. हे नाई जमत. ज्या मानसाले पाहून आले, ज्याच्या पोरीले पाहून आले, त्याचीच वाट पाहून राह्यले, अन् मले बी पाहा म्हनतात.

यंदा झगा बी नाई झाला. बाबाले पोट्टी आठवतच नाई. मले वाटलं, लेकराचा काय गुन्हा, आपनच शिवू. कापड काढलं, खडू घेतला — अन् बसूनच राह्यली. किती मोठी झाली असन ते समजेना. बाबाईनं पाह्यलती तिले. मी कधी पाह्यलंच नाई ना.

थांबा — जागे झाले. उठा तुमी, घ्या हे कागद. — हो बाबा, कोनी नाई, मेकॅनिक हाये. गाडी न्याले आला. हो, इंजिन पाहतो म्हनते. आनून देईन, दिवाळीच्या आंदी आनून देईन, सांगतलं मी त्याले. — निंगा आता. इथं किक नोका मारू. त्या लिंबापर्यंत ढकलत न्या, रोडवर गेल्यावर मंग चालू करजा.