वीस पॉइंट नऊ

नाही, नाही, हा गठ्ठा उचल आधी टेबलावरून – चहा सांडेल त्याच्यावर. चाळीस आहेत? असतील, तू म्हणतोस तर असतीलच. पण नावं कुठायत? कोरी? अरे, हॉलमध्ये अजून खुर्च्या मांडतायत, माझं भाषण व्हायचंय, आणि 'यांनी बंद टाकीतील सुरक्षिततेचे प्रशिक्षण पूर्ण केले' ह्याच्याखाली मी आत्ताच सही ठोकू? वा, पार्थिवभाई, वा! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! – हो, कळतं मला, तू असोसिएशनचा सेक्रेटरी, तुला आवरायचं असतं. मागच्या वक्त्यांनी दिल्या सह्या, सगळेच देतात, नंतर गर्दी होते, लोक जेवायला पळतात – अंकलेश्वरचा इंजिनिअर भाषणाला येतो की उंधियूला, हे तू मला सांगतोस? बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो मी इथे. पण कोऱ्या कागदावर सही करत नाही. नाही म्हणजे नाही. तू खमण खा.

आणि लक्ष कुठाय तुझं? तिसऱ्यांदा घड्याळ बघतोयस. फॅक्टरीत काही आहे का? – शटडाऊन? बरं. – रिअ‍ॅक्टर साफ करायचाय. म्हणजे माणूस आत उतरणार. किती वाजता? साडेअकरा. आत्ता झाले पावणेअकरा, आणि त्या फॅक्टरीचा सेफ्टी ऑफिसर इथे माझ्यासमोर बसून सर्टिफिकेटं मोजतोय. – फोरमन बघतोय म्हणतोस. जुना माणूस आहे म्हणतोस. असेल बाबा. माझाही जुनाच होता.

माझी ती गोष्ट ऐकलीयस ना तू? 'एका कारखान्यात एकदा...' – चार वेळा? मग पाठच असेल. टाकी उघडली, नायट्रोजनचा पाइप नुसता व्हॉल्व्हवर बंद ठेवला, मध्ये आडवा पत्रा घालून टाकीपासून तोडला नाही, माणूस बादली घेऊन उतरला, शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला आणि परत उठलाच नाही. नायट्रोजनला ना वास, ना रंग. खोकलासुद्धा येत नाही रे. वर उभ्या माणसाला वाटतं, दमला असेल, जरा टेकलाय. – मग सांग, कुठला कारखाना? सांगितलंय मी कधी? अकरा वर्षं भाषणं देतोय, भरूच, वापी, दहेज, सगळीकडे दिली, शाली मिळाल्या, नारळ मिळाले, आणि दर वेळी 'एका कारखान्यात'. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण – तो पाषाण मीच की. माझाच कारखाना तो. – बस, बस खाली, सांगायचं नव्हतं मला, पण तू ही कोरी सर्टिफिकेटं आणून टाकलीस समोर.

तर त्या दिवशी माझं भाषण होतं. पहिलंच. कशावर? बंद टाकीत शिरताना घ्यायची काळजी! हसू नकोस – हसत नाहीयेस, बरं. नवा सूट शिवला होता मी. आणि नेमकी त्याच दिवशी टाकी साफ करायची होती. आता आत उतरायचं परमिट कोण देणार? मीटर आत सोडायचा, हवेत प्राणवायू किती ते बघायचं, रकान्यात लिहायचं, मग सही – हे तुला मी काय शिकवू. फोरमन होता ईश्वर परमार, तो म्हणाला, "साहेब, तुमचं भाषण थोडंच दहा मिनिटांत उरकणार? आदल्या दिवशीच सही करून ठेवा, नेहमीसारखी." नेहमीसारखी! तो खोटं बोलत नव्हता. मी आदल्या संध्याकाळीच लिहून टाकलं. वेळ साडेआठ, प्राणवायू वीस पॉइंट नऊ. दुसरं काय लिहिणार? प्रत्येक परमिटवर तेच असतं, मोकळ्या मैदानात असतो तेवढा. माझ्या हाताला सवयच होती. मीटर कपाटात होता. त्याचा सेल तरी चालू होता की नाही, देव जाणे.

मी इकडे टाळ्या घेत होतो, तिकडे टाकीत तो माणूस गेला. आणि मग चौकशी बसली. ईश्वर म्हणाला, साहेब आधीच सही करून ठेवतात. तपासणारे माझ्याकडे वळले, म्हणाले, खरं का हे? आणि मी – मी म्हणालो, "नाही. साडेआठला मी स्वतः मीटर लावला." झालं! साडेआठला हवा चांगली होती म्हणजे नायट्रोजन नंतर सुटला, म्हणजे फोरमनने सोडला. ईश्वरची नोकरी गेली. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. आता भरूच स्टेशनबाहेर खारी सिंग विकतो, शेंगदाण्यांच्या पुड्या. मी त्या बाजूने जात नाही, मुलीकडे जायचं तर पुढच्या स्टेशनला उतरतो, रिक्षा करतो. लाज वाटते. रोज वाटते.

पार्थिव? असा पांढराफटक का पडलास? पाणी घे. – काय म्हणालास? मोठ्याने बोल. – तूही ठेवून आलायस? सही करून? अरे दीकरा... रकान्यात काय लिहिलंस? – बोल ना! – वीस पॉइंट नऊ.

कोणाला लावतोयस? फोरमनला? तो कसा उचलेल, मोबाइल गेटवर जमा करून आत जातात ना तुमच्याकडे! कंट्रोल रूमला लाव. – वाजतोय? वाजू दे. – कोणीच नाही? सगळे टाकीपाशी असतील. नायट्रोजनचा पत्रा घातलाय का तुम्ही? – माहीत नाही! मग ऊठ, बसलायस काय! माझ्या गाडीची चावी घे, ही घे, दारातच उभी आहे. वीस मिनिटांचा रस्ता आहे, रेल्वेचं फाटक बंद असेल तर गाडी तिथेच सोड आणि पळत जा. राहू दे ती सर्टिफिकेटं, पडू दे!

पार्थिव, थांब – आत कोण उतरणार आहे? गेटवाल्याला मी इथून फोन करतो, त्या माणसाला नावाने थांबवायला सांगतो. काय नाव त्याचं? – ठेकेदाराचा माणूस ते कळलं, नाव, नाव काय? – तो रकाना कोराच ठेवलास?

मीही ठेवला होता. गुमान वसावा नाव होतं त्याचं. मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं.

जा तू.