एक शिफ्ट चालेपर्यंत

(पिंपळे सौदागरमधला फ्लॅट, गुरुवारची दुपार. टेबलावर उघडा कॉम्प्युटर. सून दिपाली; तिचा नवरा सुजित कामावर गेलेला. सासरे उद्धवराव, चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले मेंटेनन्स फिटर.)

दिपाली : पुन्हा तीच ओळ, मामा. सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही म्हणतोय.

उद्धवराव : ते त्याचं म्हणणं झालं. तुझा शेवटचा हात कुठं लागला, ते सांग.

दिपाली : काल जुनी डिस्क काढून नवी लावली, एवढंच. जुनी खरखर करत होती. तिच्यात कामाचं काही नव्हतं, नुसते फोटो. ते मी आधीच काढून घेतले. विंडोज आणि माझी ड्रॉइंग दुसऱ्या, मधल्या डिस्कवर आहेत. तिला मी बोटही लावलं नाही.

उद्धवराव : म्हंजी बाजूची काढली अन् मधली बंद पडली. गंमतच हाय की.

दिपाली : गंमत कसली? दोन वाजता जयसिंगदादांना मशीनवर पार्ट पकडायच्या फिक्श्चरचं ड्रॉइंग पाठवायचंय. चाकणला मशीन मोकळं ठेवून बसलेत ते. माझं स्वतःचं पहिलं काम. आज चुकलं तर दुसरं कोण देईल?

उद्धवराव : आता वाजले किती?

दिपाली : बारा वीस. आणि सुजितचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा.

उद्धवराव : त्याला कशाला बोलवतीस? नवी डिस्क काढ अन् चालू कर.

दिपाली : त्यानं काय होणार?

उद्धवराव : काय हुतंय ते बघायलाच काढायची. आधी पिन काढ भिंतीतली.

दिपाली : काढली... थांबा. नाही हो, तीच ओळ.

उद्धवराव : अर्धं काम झालं.

दिपाली : कुठे झालं?

उद्धवराव : नवी लावली तरी बंद, काढली तरी बंद. म्हंजी खोट आलेल्यात न्हाई, गेलेल्यात हाय. मधल्या डिस्कवर विंडोज कधी टाकलं?

दिपाली : दोन वर्षांपूर्वी. मशीन हळू चालायचं, म्हणून सुजितनं ती फास्ट डिस्क आणली.

उद्धवराव : तवा जुनी आतच हुती?

दिपाली : हो, आधीचं विंडोज तिच्यावरच होतं. आम्ही ते पुसलं... अरे देवा. सुरू करायचा छोटा भाग तिच्यावरच राहिला असणार. दोन वर्षं हे रोज आधी जुनीला विचारायचं आणि मग पुढे जायचं.

उद्धवराव : आमच्या दोन नंबरच्या प्रेसला असंच झालतं. नवं पॅनेल बसवलं, जुनं भंगारात. चालू करायचा रिले निघाला जुन्यात. तीन दिवस लाइन बंद.

दिपाली : मामा, ती डिस्क मी तुमच्या लोखंडी डब्यात टाकली होती. डबा कुठे आहे?

उद्धवराव : सकाळीच खाली ठिवला, गेटपाशी. आज भंगारवाला येतो, दिवाणाखालची जागा मोकळी करा, असं तूच म्हणालीस.

दिपाली : मेले मी. पळते खाली.

उद्धवराव : बस गप. ही घे.

दिपाली : तुमच्या खिशात? आणि ही चिठ्ठी कसली? ‘काढली : दिपाली. कारण : आवाज. बुधवार.’

उद्धवराव : टॅग हाय तो. काढलेल्या पार्टला टॅग लावायचा, अन् नवा एक शिफ्ट चालल्याबिगर जुना भंगारात द्यायचा न्हाई. त्या प्रेसपासून मी हेच धरलंय.

दिपाली : लावते... खरखरतेय.

उद्धवराव : खरखरू दे.

दिपाली : आलं. मामा, चालू झालं. ड्रॉइंग जसंच्या तसं आहे.

उद्धवराव : आधी पाठव. बाकी मागनं.

दिपाली : पाठवलं. तो छोटा भाग मधल्या डिस्कवर घेतल्याशिवाय आता हिला हलवत नाही... त्या डब्यात आहे तरी काय?

उद्धवराव : रिले, स्प्रिंगा, बेअरिंगं. समद्यांना टॅग. एकतीस वर्षांचं हाय. खाली ठिवताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पर तुमाला बी जागा लागती.

दिपाली : हॅलो, वॉचमन मारुतराव ना? बी विंगमधून दिपाली. गेटपाशी लोखंडी डबा आहे ना? आहे अजून? भंगारवाल्याला देऊ नका, मी न्यायला येतेय.

उद्धवराव : अगं, कशाला?

दिपाली : एक कोरा टॅग द्या आधी.

उद्धवराव : हा घे. काय लिहितीस?

दिपाली : ‘परत ठेवला : दिपाली. कारण : घाईत काढला होता.’